कलेचा नेम

पौषातील थंडीची रात्र असते. वैनगंगेच्या खोऱ्यातील एखाद्या गावात धानाची मळणी आटोपलेली असते आणि गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत नाटकाचा मांडव उभा राहिलेला असतो. आसपासच्या खेड्यांतून पायी, सायकलींवरून आणि गाड्यांतून आलेली माणसे घोंगड्या पांघरून दाटीवाटीने बसतात. रात्री दहाच्या सुमारास पडदा वर जातो आणि पहाटेपर्यंत नाटक चालते. रंगमंचावर भरजरी अंगरखा घालून जो राजा सिंहासनावर बसलेला असतो, त्याचे तळवे कोणी जवळून पाहिले तर त्यांवर नांगराचे घट्टे दिसतील. आषाढात हाच राजा गुडघाभर चिखलात उभा राहून धानाची रोवणी करीत होता.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांच्या या मुलखास झाडीपट्टी म्हणतात. येथील रंगभूमीही त्याच नावाने ओळखली जाते. गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज, म्हणजेच वडसा, हे तिचे मोठे केंद्र होय. दिवाळीनंतर नाटकांना प्रारंभ होतो आणि होळीच्या आसपास हंगाम सरतो. पावसाळ्याच्या महिन्यांत मात्र रंगमंच नसतो, प्रेक्षक नसतात आणि टाळ्याही नसतात. मग त्या चार-पाच महिन्यांत नटाची कला कोठे जाते? ती जर पेटीत कुलूपबंद होऊन पडत असती, तर पुढच्या दिवाळीस गंजून निघाली असती. तसे होत नाही. रोवणीच्या वेळी चिखलात वाकलेल्या बायामाणसांच्या ओठांवर गाणी असतात. पावसाने काम थांबले की ओसरीवर बसून कोणी नवे संवाद पाठ करतो, कोणी ढोलकीची शाई तपासतो, कोणी जुना पडदा रंगवितो, तर कोणी बांबूची टोपली विणावयास घेतो. दिवाळी आली की टिपऱ्यांच्या तालावर दंडार रंगते. रंगमंच बंद असला तरी गळा, हात आणि डोळे बंद नसतात. एक वाट पाण्याखाली गेली की कला दुसऱ्या वाटेने चालू लागते, परंतु चालावयाचे थांबत नाही.

झाडीपट्टीच्या या रीतीत शाळकरी मुलामुलींनी घेण्यासारखा एक धडा आहे. कला म्हणजे लहर आली की करावयाची आणि लहर ओसरली की टाकावयाची गोष्ट नव्हे. ती स्नानासारखी किंवा जेवणासारखी रोजची असावी. मात्र रोजची असावी म्हणून ती रोज एकाच साच्यातील असली पाहिजे असे नाही. आज पेन्सिल, उद्या माती, परवा बांबू, तर कधी गाणे किंवा चार ओळींचे लेखन, अशी साधने पालटत राहिली तरी हरकत नाही. वेळ बांधलेली असावी आणि साधन मोकळे असावे. कलेचा नेम टिकविण्याचा याहून सोपा आणि खात्रीचा मार्ग नाही.

आधी रोजच्या नेमाचाच विचार करू जाता असे दिसते की, थोडे पण नित्य केलेले काम हे पुष्कळ पण क्वचित केलेल्या कामाहून अधिक फळ देते. एखाद्या मुलीने रोज केवळ पंधरा मिनिटे चित्र काढले, तर वर्षाच्या अखेरीस तिचे एक्याण्णव तास चित्रकलेत गेलेले असतील. तिच्या वहीत तीनशे पासष्ट पाने भरलेली असतील. त्यांतील पुष्कळशी पाने साधारणच असतील, हे खरे. परंतु पहिल्या पानावरचा बैल आणि शेवटच्या पानावरचा बैल शेजारी ठेवले, म्हणजे या वर्षात काय घडले ते कोणी सांगण्याची गरज उरणार नाही. याउलट, ज्या मुलाने सुटीच्या दोन दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत रंगांशी झटापट केली आणि मग सहा महिने ब्रशास हात लावला नाही, त्याला प्रत्येक वेळी पहिल्या पायरीपासून चढावे लागते. हाताला स्मरण असते, पण ते रोज जागे ठेवावे लागते.

हाताचे हे स्मरण कसे असते, ते बांबूकाम करणाऱ्या कारागिराजवळ बसले की कळते. गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वनांनी व्यापलेला आहे आणि त्या वनांत बांबू विपुल आहे. कारागीर प्रथम बांबू निवडतो. पावसाळा संपल्यावर, थंडीच्या दिवसांत तोडलेला बांबू तो पसंत करतो, कारण बांबूच्या अंगातील पिष्ट पदार्थ खावयास येणारी कीड अशा बांबूस कमी लागते. मग तो धारदार सुरीने बांबू उभा चिरतो. बांबूचे तंतू सरळ असल्यामुळे तो लांबीच्या दिशेने सहज फाटतो, परंतु पेराच्या गाठीपाशी सुरी अडते आणि तेथे मनगटाला जराशी युक्ती करावी लागते. बाहेरची हिरवी साल चिवट असते, आतला गर ठिसूळ असतो. दोन्ही वेगळे करून तो एकसारख्या रुंदीच्या कामट्या काढतो. मोजपट्टी त्याच्याजवळ नसते. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये कामटी धरली की जाड कोठे आणि पातळ कोठे ते त्याला समजते. ही जाण कोणत्याही पुस्तकातून त्याच्या बोटांत उतरलेली नाही. शेकडो सकाळी एकीवर एक रचल्या गेल्या, तेव्हा ती आली.

टोपलीच्या विणकामात एक मौजेचा हिशेबही आहे. एकाच कामटीने गोल विणत जावयाचे असेल, तर उभ्या कामट्यांची संख्या विषम असावी लागते. ती सम असली, तर विणणारी कामटी प्रत्येक फेरीत त्याच उभ्या कामट्यांच्या वरून आणि त्याच कामट्यांच्या खालून जाते, आणि वीण बसतच नाही. अक्षरओळख नसलेल्या कारागिरासही हे गणित ठाऊक असते. ज्या मुलाने एकदा आपल्या हाताने टोपली विणून पाहिली, त्याला सम आणि विषम या शब्दांचा अर्थ जन्मभर विसरणार नाही. एका साधनाने शिकविलेली गोष्ट दुसऱ्याच क्षेत्रात अशी उपयोगी पडते.

येथे कोणी वडीलधारा माणूस मान हलवून म्हणेल, "एक ना धड, भाराभर चिंध्या! आज चित्र, उद्या मूर्ती, परवा गाणे, अशाने मुलाला काहीच येणार नाही." ही शंका पोकळ नाही. पेटी शिकावयास घेऊन महिन्याने ती कोपऱ्यात टाकणारी, मग रंगपेटी आणवून तीही आठवड्यात विसरणारी मुले पुष्कळ घरांत आढळतात. परंतु म्हणीचा रोख कोणावर आहे, ते नीट पाहिले पाहिजे. चिंध्या भाराभर असल्याचा दोष ती एकट्याने सांगत नाही. त्यांतील एकही धड नाही, हा खरा दोष आहे. ज्याने हातातली टोपली काठापर्यंत विणून पुरी केली आणि मग माती हाती घेतली, त्याने धरसोड केली असे म्हणता येत नाही. अर्धी टोपली टाकून जो मातीकडे वळला, त्याने मात्र धरसोड केली. तेव्हा साधन पालटण्यास मनाई नसावी. अपुरे टाकण्यास असावी. शिवाय अनेक साधनांपैकी एखादे मुलाचे विशेष आवडते असणारच. त्यात त्याने खोल शिरावे. बाकीची साधने त्या मुख्य विद्येची भावंडे होत. मोठे भावंड आजारी पडले, तर धाकट्याने घर सांभाळावे.

कलांचे हे भावंडांचे नाते आपल्या देशाला प्राचीन काळापासून ठाऊक आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी मार्कंडा नावाचे क्षेत्र आहे. नदी तेथे उत्तरेकडे वळते आणि तिच्या तीरावर जुन्या दगडी मंदिरांचा एक समूह उभा आहे. महाशिवरात्रीस तेथे मोठी यात्रा भरते. मंदिरांच्या भिंतींवर देव, देवता, नर्तकी आणि वादक यांच्या मूर्तींच्या रांगाच रांगा आहेत. ज्या मार्कंडेय ऋषींचे नाव या स्थळास मिळाले, त्यांच्या मुखी विष्णुधर्मोत्तर पुराणात एक सुंदर संवाद घातलेला आहे. वज्र नावाचा राजा त्यांच्याकडे येऊन मूर्ती घडविण्याची विद्या मागतो. ऋषी त्यास सांगतात की, ज्याला चित्रकला येत नाही त्याला मूर्तिकला समजणार नाही. राजा म्हणतो, मग चित्रकला शिकवा. त्यावर उत्तर मिळते की, नृत्य जाणल्याशिवाय चित्र कळत नाही, वाद्यांच्या ज्ञानाशिवाय नृत्य कळत नाही आणि या सर्वांच्या मुळाशी गायन आहे. छिन्नी मागावयास आलेल्या राजाला ऋषींनी गाण्यापाशी नेऊन बसविले! मार्कंड्याच्या भिंतीवरील नर्तकीच्या कमरेचा बाक पाहिला, म्हणजे या संवादाचा अर्थ उलगडतो. दगडात ताल उतरवावयाचा, तर तो आधी शिल्पकाराच्या अंगात भिनलेला असावा लागतो.

अर्वाचीन काळातही याची साक्ष मिळते. रवींद्रनाथ ठाकूर हे जन्मभर कविता, गीते, नाटके आणि कथा लिहीत आले. लिहिताना जे शब्द खोडावे लागत, त्या खाडाखोडीच्या रेषा ते एकमेकींस जोडीत आणि त्यांतून पक्षी, चेहरे, चमत्कारिक प्राणी असे आकार उमटत. साठी उलटल्यावर त्या खाडाखोडीतूनच त्यांच्यातील चित्रकार पुढे आला. १९३० साली पॅरिस येथे त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले, तेव्हा ते सुमारे एकोणसत्तर वर्षांचे होते. दोन हजारांहून अधिक चित्रे त्यांनी मागे ठेवली. लेखणी रोज हातात होती, म्हणूनच कुंचला एक दिवस हातात आला.

मराठी चित्रकार प्रभाकर बरवे यांचे उदाहरण याहूनही बोधप्रद आहे. १९३६ साली जन्मलेल्या या चित्रकाराने उदरनिर्वाहासाठी विणकर सेवा केंद्रात नोकरी केली. तेथे कापडाच्या नक्षीचे काम असे. दिवसा धाग्यांचा आणि नक्षीचा विचार, इतर वेळी चित्रफलकाचा विचार, आणि या दोहोंच्या सोबतीला दैनंदिनीच्या वह्या. त्या वह्यांत ते लहान रेखाटने करीत, मनात आलेले विचार टिपून ठेवीत आणि एखादी वस्तू आपल्याला अशी का दिसते याचा शोध घेत. हा क्रम त्यांनी अनेक वर्षे चालविला. चित्रकलेविषयीचे त्यांचे चिंतन १९९० साली 'कोरा कॅनव्हास' या मराठी ग्रंथात प्रसिद्ध झाले. नोकरीने वेळ खाल्ला म्हणून कला राहून गेली, अशी तक्रार करण्यास त्यांना पुरेसे कारण होते. परंतु ज्याच्या खिशात वही आहे, त्याची कला राहून जात नाही.

ही साधने एकमेकांस कशी साहाय्य करतात, ते एका मोहाच्या झाडावरून पाहता येईल. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना हे झाड अंगणातल्या तुळशीइतके परिचित आहे. समजा, एका मुलीने हे एकच झाड आठवडाभर आपला विषय म्हणून घेतले. पहिल्या दिवशी तिने पेन्सिलीने त्याची बाह्यरेखा काढली, तेव्हा खोड कोठे दुभंगते ते तिला प्रथमच दिसले. दुसऱ्या दिवशी तिने बांधावरच्या मातीचे मोहाचे फूल घडविले, तेव्हा ते फूल पाकळ्या पसरलेले नसून गुबगुबीत व गोलसर असते, हे तिच्या बोटांनी ओळखले. तिसऱ्या दिवशी रंग भरताना कोवळी पालवी हिरवी नसून तांबूस असते, हे ध्यानात आले. चौथ्या दिवशी तिने पाच वाक्ये लिहावयास घेतली, तेव्हा फुले केव्हा गळतात असा प्रश्न पडला. म्हणून ती पहाटे उठून झाडाखाली गेली आणि अंधारात टपटप पडणाऱ्या फुलांचा आवाज तिने ऐकला. पाचव्या दिवशी तोच आवाज तिने ढोलकीवर वाजवून पाहिला. सात दिवसांनी त्या मुलीला मोहाचे झाड जितके कळले, तितके ते केवळ पाहून सात वर्षांत कळले नसते. साधन बदलले, पण दृष्टी एकाच जागी खिळून राहिली. धरसोड आणि नेम यांतील अंतर हेच होय.

झाडीच्याच मुलखात, गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांधच्या जंगलात, मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून काम केले. जंगलात जे दिसले, जे ऐकले, आणि आदिवासींनी व कोळ्यांनी जे सांगितले, ते टिपून ठेवण्याचा त्यांचा परिपाठ होता. त्या टिपणांतून ललितलेख झाले, कथा झाल्या, आणि पक्षिकोशासारखे संदर्भग्रंथही झाले. बगळ्या-करकोच्यांच्या वसाहतीला 'सारंगागार' असा सुंदर मराठी शब्द त्यांच्या लेखनामुळे रूढ झाला. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी, ब्याण्णव वर्षांचे असताना, ते निवर्तले. त्यांचे सारे वैभव रोजच्या टिपणांच्या लहानशा शिदोरीवर उभे होते.

आता एक व्यवहाराची अडचण राहते. रंग महाग असतात, कागद महाग असतो आणि पेटी-तबला तर पुष्कळांच्या आवाक्याबाहेरचा असतो. परंतु कलेचा आरंभ दुकानात होत नाही. चुलीतील कोळसा, गेरू, पांढरी माती, तांदळाचे पीठ, पळसाच्या फुलांचा केशरी रंग, शेताच्या बांधावरची चिकणमाती, घर शाकारून उरलेल्या कामट्या, हे सर्व खेड्यातल्या मुलाच्या हाताशी असते. शहरातल्या मुलाला यासाठी पैसे मोजावे लागतील. मात्र वनाजवळ राहणाऱ्यांनी एक मर्यादा पाळावी. गळून पडलेले पान घ्यावे, झाडाची साल ओरबाडू नये. ताडोबासारख्या राष्ट्रीय उद्यानात तर पडलेले पीस किंवा काटकीही उचलू नये. १९५५ साली स्थापन झालेले ते महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान आहे. तेथून केवळ डोळ्यांनी आणि वहीने जे आणता येईल, तेवढेच आणावे. तेही थोडे नसते.

पैशाहून मोठी अडचण मनाची असते. पाच-सहा वर्षांचे प्रत्येक मूल चित्र काढते आणि मोठ्या आवाजात गाते. अकराव्या-बाराव्या वर्षी मात्र ते एकाएकी गप्प होते. आपला घोडा घोड्यासारखा दिसत नाही, शेजारच्या मुलाचा दिसतो, हे त्याच्या लक्षात येते. कोणी हसले तर ते वही मिटून ठेवते आणि "मला चित्र येत नाही" असे म्हणू लागते. किती तरी माणसांच्या आयुष्यात कलेचे दार याच वयात बंद झाले आणि पुन्हा उघडले नाही. वस्तुतः आपले चित्र चुकले आहे हे ज्याला दिसते, त्याची दृष्टी हातापुढे गेलेली असते. हात मागे राहिला, इतकेच. त्याला थोडा अवधी दिला तर तोही येऊन पोहोचतो. अशा वेळी पेन्सिलीवरचे मन उडाले असेल, तर काही दिवस माती किंवा बांबू हाती घ्यावा. तेथे शेजाऱ्याशी तुलना नसते आणि खोडलेल्या रेषांची लाजही नसते. काही काळाने चित्राकडे परतलेला हात पूर्वीचा राहिलेला नसतो.

शाळेत एलिमेंटरी व इंटरमीजिएट या चित्रकलेच्या शासकीय परीक्षा असतात. त्या अवश्य द्याव्यात. परंतु प्रमाणपत्र भिंतीवर लागताच ज्याने रंगपेटी माळ्यावर टाकली, त्याने परीक्षा दिली, कला केली नाही. स्पर्धा आणि पारितोषिके ही जत्रेसारखी असतात. वर्षातून एकदा येतात आणि जातात. घरात चूल मात्र रोज पेटावी लागते. परशुराम खुणे हे झाडीपट्टी रंगभूमीवरील कलावंत १९२३ सालचे नव्हेत, आजच्याच काळातील आहेत. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या सन्मानामागे पाच हजारांहून अधिक प्रयोगांची तपश्चर्या होती. पहिल्या प्रयोगाच्या रात्री या सन्मानाची वार्ता कोणास होती?

संकटात नेम कसा राखावा, हे चंद्रपूर जिल्ह्यातील आनंदवनाकडे पाहून शिकता येते. वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर बाबा आमटे यांनी १९५१ साली कुष्ठरुग्णांसमवेत ही वसाहत उभी केली. वेळेवर औषध घेतल्यास कुष्ठरोग आता पूर्ण बरा होतो. परंतु त्या काळी अनेकांच्या हातांतील संवेदना गेलेली असे आणि बोटे झडलेली असत. अशा हातांनी तेथे माग चालले, सुतारकाम झाले, शोभेच्या व उपयोगाच्या वस्तू घडल्या. जे एका पद्धतीने जमले नाही, ते दुसऱ्या पद्धतीने केले गेले. स्वतः बाबांना पाठीच्या कण्याच्या व्याधीमुळे बसता येत नसे. ते उभे तरी राहत किंवा पडून तरी असत. तशाही स्थितीत त्यांनी कविता लिहिल्या. मग परीक्षेचा आठवडा आला, ताप आला, घरी पाहुणे आले, अशा कारणांनी नेम मोडण्याची वेळ येताच मुलांनी एवढेच करावे की, माप लहान करावे. पंधरा मिनिटे नसतील तर दोन मिनिटे घ्यावीत. पान भरणार नसेल तर एक रेष ओढावी. लहान झालेला नेम पुन्हा वाढतो. तुटलेला नेम सांधणे कठीण जाते.

जपानमधील होकुसाई नावाच्या थोर चित्रकाराने लाकडी ठशांची छापचित्रे, पुस्तकांतील चित्रे आणि कुंचल्याची चित्रे अशा अनेक प्रकारांत आयुष्यभर काम केले. वयाची ऐंशी वर्षे उलटून गेल्यावर, १८४२ आणि १८४३ या वर्षांत, रोज सकाळी सिंहाचे एक चित्र काढण्याचा नेम त्याने धरला. कीर्ती तर त्याला केव्हाच लाभली होती. तरीही तो म्हातारा रोज सकाळी शाई उगाळून बसत असे.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांनी हा नेम धरावा, याला आणखी एक कारण आहे. बाजारात प्लास्टिकची टोपली स्वस्त मिळू लागली, तसे बांबूचे सूप आणि डाली घराघरांतून मागे सरली. दंडारीच्या चाली आणि रोवणीची गाणी म्हाताऱ्यांच्या कंठातच राहू लागली. ही विद्या टिकावी म्हणून प्रयत्न होत आहेत. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे २०१४ साली बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. असे केंद्र शिकवू शकते, साधने देऊ शकते. परंतु रोज सकाळी मुलाच्या वतीने ते कामटी हातात घेऊ शकत नाही. आजीच्या तोंडचे गाणे केवळ यंत्रात साठविल्याने जगत नाही. ते नातीच्या ओठांवर आले तरच जगते. आज ज्या मुलाचे वय बारा आहे, त्याने ही विद्या रोजच्या पंधरा मिनिटांत घेतली नाही, तर ती घेण्यासाठी पुढे कोणाकडे जावे, असा प्रश्न त्याच्या मुलांपुढे उभा राहील.

पहाटे नाटक संपते. राजा मुकुट उतरवून पेटीत ठेवतो, तोंडावरचा रंग पुसतो आणि गार वाऱ्यात घराकडे निघतो. घरी गेल्यावर त्याला गाईचे दूध काढावयाचे असते, वाडीला पाणी द्यावयाचे असते. वाटेने चालता चालता तो रात्री चुकलेली एक ओळ पुन्हा म्हणून पाहतो. ऐकावयास कोणी नसते. तरी ती ओळ नीट उमटेपर्यंत तो ती म्हणत राहतो, आणि मग गोठ्याचे दार उघडतो.